धरमतर खाडीतून नागोठण्याकडे: निघण्याआधीची तयारी

आधी पंचांग काढा. सामान, जेवणाचा बेत, रजेचा अर्ज, सगळं त्यानंतर. तीन-चार बोटींनी मिळून मुंबईहून धरमतर खाडीतून अंबा नदीत शिरायचं, तर शनिवार कधी येतो यापेक्षा तिथी कुठली हे बघावं लागतं. किनाऱ्यावरचा जुना हिशेब असा, की तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की भरती पूर्ण होण्याची साधारण वेळ निघते. अष्टमीला सहा, नवमीला पावणेसात. सकाळीही आणि संध्याकाळीही. यात अर्धा-पाऊण तास मागेपुढे होतो. म्हणून अपोलो बंदरचं भरती-ओहोटीचं वेळापत्रक सोबत ठेवाच, आणि खाडीत जितकं आत जाल तितकी भरती उशिरा पोचते हेही लक्षात असू द्या. बेत ठरवायला मात्र पाऊणपट पुरते.

माझ्या मते शुद्ध अष्टमी-नवमीसारखा दिवस नाही. सकाळी निघालं की दुपारचा वारा उठायच्या आत बंदर ओलांडून होतं. भर दुपारी खाडीच्या तोंडाशी, रेवसजवळ, पाणी तळाला असतं, तिथे डबे उघडायचे, आणि पाणी वळलं की तेच तुम्हाला उजेड असेपर्यंत आत नेतं. मध्यरात्रीपर्यंत अर्धा चंद्र असतो. भांगाचं, म्हणजे अष्टमीच्या आसपासच्या लहान भरतीचं, पाणी कमी चढतं ही तक्रार खरी आहे, पण पुढे रोज थोडं थोडं वाढतच जातं. आज गाळात बसलेली बोट उद्याच्या भरतीला सुटते. हौसेने ऐन उधाणात जाऊन, भरती माथ्यावर असताना चिखलात रुतलात, तर पुन्हा तेवढं पाणी यायला पंधरवडा थांबावं लागेल. परतीचाही प्रश्न नाही: दशमी-एकादशीला सकाळी ओहोटी सुरू होते आणि दुपारपर्यंत समुद्राकडे ढकलते.

महिना नोव्हेंबर ते फेब्रुवारी. पावसाळ्याचा विचारही नको.

तारीख ठरली की सगळ्यांनी आपापल्या बोटीचे दोन आकडे लिहून एकमेकांना द्यायचे. तळ पाण्यात किती खोल जातो, आणि डोलकाठी किंवा अँटेना पाण्यावर किती उंच. खोलीत जिची सगळ्यात जास्त, तिच्या हिशेबाने ताफ्याचा मार्ग ठरेल. उंचीत जिची जास्त, तिच्या हिशेबाने पूल आणि विजेच्या तारा बघायच्या. भरतीला पाणी वर येतं तेव्हा पुलाखालची मोकळी जागा तेवढीच कमी होते, हे कागदावर पटतं आणि पुलासमोर विसरायला होतं. वेग मात्र सगळ्यात हळू बोटीचा. तिला पुढे ठेवा, मागे नको. शेवटची बोट अनुभवी तांडेलाची, म्हणजे बोट चालवणाऱ्या म्होरक्याची, तिच्यावर ओढायचा जाड दोर.

कागदपत्रांत बोटीची नोंदणी, विमा, प्रत्येकाचं ओळखपत्र, व्हीएचएफचा, म्हणजे बोटीवरच्या रेडिओचा, परवाना. सगळं प्लास्टिकच्या पिशवीत. महाराष्ट्र मेरीटाइम बोर्डाच्या बंदर कार्यालयात आणि सागरी पोलिसांकडे बोटींची नावं, माणसांची यादी आणि परतीची वेळ देऊन ठेवा. मुंबई बंदरात नौदलाच्या हद्दीपासून आणि जवाहर द्वीपाच्या तेलाच्या धक्क्यांपासून लांब राहा. मोठ्या जहाजांचा मार्ग काटकोनात आणि एका दमात ओलांडा. ड्रोन घरीच राहू द्या.

अंबा २०१६ च्या कायद्याने राष्ट्रीय जलमार्ग क्रमांक १० झाली. रेवसजवळ समुद्राला मिळते तिथपासून नागोठण्याच्या एसटी स्थानकाजवळच्या पुलापर्यंत ४५ किलोमीटर. जलमार्ग म्हटलं म्हणून वाटेत दिवे, बोये (तरंगत्या खुणा) आणि धक्के हात जोडून उभे असतील असं समजू नका. डोलवीच्या बाजूला कोळसा आणि खनिज नेणाऱ्या बार्ज खालच्या टप्प्यात सतत असतात. त्या चटकन थांबू शकत नाहीत, वळूही शकत नाहीत, आणि खोल पाणी त्यांना आपल्यापेक्षा जास्त लागतं. वळणाआधी भोंग्याचा एक लांब आवाज द्या, रेडिओवर चॅनल १६, म्हणजे हाक मारायचा आणि संकटाचा चॅनल, चालू ठेवा. खोल पाणी बहुधा वळणाच्या बाहेरच्या अंगाला सापडतं. आतल्या अंगाला गाळ साचतो. खाडीच्या तोंडाशी डोल जाळी, म्हणजे प्रवाहात रोवून ठेवलेली पिशवीसारखी जाळी, लावलेली असतात. ती कुठे आहेत हे रेवस किंवा करंजाच्या कोळ्यांना आदल्या दिवशी विचारा. फोनवर काम भागतं, पण समोर जाऊन विचारलंत तर जास्त कळतं.

इंजिनाबद्दल थोडं सविस्तर, कारण मुंबईच्या पाण्यात शत्रू खडक नाही, पिशवी आहे. इंजिन थंड ठेवायला पाणी ओढणाऱ्या तोंडावर ती चिकटली की इंजिन काही मिनिटांत तापतं. आउटबोर्डच्या, म्हणजे बोटीच्या मागे बाहेर लावलेल्या इंजिनाच्या, मागून पाण्याची बारीक धार पडते ना, तिच्यावर एका माणसाची नजर असलीच पाहिजे. पंख्यात अडकलेला दोर कापायला धारदार सुरी, जादा स्पार्क प्लग, इम्पेलर (इंजिनाच्या पाण्याच्या पंपातलं चाक), पंख्याची पिन, फिल्टर. पेट्रोलचे तीन भाग करा: एक जायला, एक यायला, एक हात न लावायला. आत गेल्यावर काठावर पंप मिळणार नाही.

नांगराचा दोर ओहोटीच्या खोलीवर मोजू नका, भरतीच्या खोलीवर मोजा, आणि त्याच्या निदान पाचपट सोडा. पाणी वळलं की बोटी फिरतात, पण सगळ्या एकदम फिरत नाहीत; मध्ये अंतर ठेवा. गप्पांसाठी बोटी एकमेकींना बांधायच्याच असतील, तर मध्ये टायर टाकून, आणि झोपायच्या आधी सोडून. रात्री प्रत्येक बोटीवर चहूबाजूंनी दिसणारा पांढरा दिवा. नांगर वर काढताना चिखल घेऊनच येतो, म्हणून बादली आणि ब्रश.

लाइफ जॅकेट अंगावर. गठ्ठ्यात बांधलेलं जॅकेट उपयोगाचं नाही. पायात बंद बूट, कारण कालवं तळवा चिरतात आणि तिवरांतला चिखल गुडघ्याच्या वर घेतो. माणशी दिवसाला चार लिटर पिण्याचं पाणी घरून. नदीचं भांडी विसळायलाही नको. जेवणात भाकऱ्या, ठेचा, सुका जवळा, पहिल्या दिवशीची पुरणपोळी कोणी आणत असेल तर नाही म्हणू नका. मच्छरदाणी मात्र विसरलात तर अंधार पडल्यावर तिवरांजवळ बसून गप्पा होणार नाहीत.

मुंबईत राहणाऱ्या एका माणसाकडे वेळापत्रक द्या. ठरल्या वेळेनंतर दोन तासांत आपला फोन आला नाही, तर त्याने वाट न पाहता तटरक्षक दलाचा १५५४ किंवा सागरी पोलिसांचा १०९३ लावायचा. हे दोन्ही आकडे प्रत्येक बोटीवर सुकाणूजवळ मोठ्या अक्षरांत चिकटवा.