टॉमकॅटचं डेब पॅकेज बांधताय? या चुका टाळा

टॉमकॅट (जावातल्या वेबॲप चालवणारा सर्व्हर) उतरवून घ्यायचा, कुठेही उलगडायचा, स्क्रिप्ट चालवायची. ८०८० पोर्टवर तो उभा. हे इतकं सोपं आहे म्हणूनच डेबियन या लिनक्ससाठी पहिल्यांदा पॅकेज बांधणारा फसतो. आख्खं बिऱ्हाड उचलून ऑप्ट डिरेक्टरीत टाकलं, भोवती डेब (डेबियनची पॅकेज फाइल) गुंडाळलं, झालं! मग पहिल्या अपडेटला ॲडमिनने सर्व्हर डॉट एक्सएमएल या सेटिंगच्या फाइलमध्ये केलेले बदल पुसले जातात आणि फोन वाजायला लागतात. मीही एकदा असे फोन घेतले आहेत.

खरं तर टॉमकॅटमध्येच याची सोय आहे. 'कॅटालिना होम' म्हणजे प्रोग्राम, 'कॅटालिना बेस' म्हणजे त्या सर्व्हरचं स्वतःचं सामान. डेबियन होम ठेवतं यूएसआर-शेअरमध्ये आणि बेस व्हार-लिबमध्ये. बेसमधल्या सिमलिंक (दुसऱ्या जागेकडे बोट दाखवणाऱ्या फाइली) कॉन्फला म्हणजे सेटिंगना ईटीसीकडे, लॉग्जना व्हार-लॉगकडे आणि वर्कला म्हणजे तात्पुरत्या फाइलींना व्हार-कॅशकडे नेतात. ईटीसीतल्या फाइली कॉन्फफाइल म्हणून नोंदल्या, की बदललेली फाइल दिसताच डीपीकेजी (पॅकेज बसवणारा प्रोग्राम) आधी विचारतं, परस्पर पुसत नाही.

सगळ्यात महागात पडणारी चूक मात्र मालकीची. 'परमिशन डिनाइड' दिसलं की हात आपोआप चोनकडे (फाइलचा मालक बदलणारी कमांड) जातो. २०१६ मध्ये डेबियनच्याच टॉमकॅट पॅकेजमध्ये हे भोक सापडलं (सुरक्षा-त्रुटींच्या यादीत सीव्हीई-२०१६-१२४०). सर्व्हर सुरू करणारी इनिट स्क्रिप्ट रूटच्या (सर्वाधिकारी युजरच्या) अधिकाराने कॅटालिना डॉट आउट या लॉग फाइलची मालकी टॉमकॅट युजरला द्यायची. पण ती फाइल ज्या डिरेक्टरीत, ती आधीच टॉमकॅटच्या ताब्यात. एखाद्या वेबॲपमधून आत शिरलेल्याने लॉगच्या जागी पासवर्डच्या शॅडो फाइलकडे जाणारी सिमलिंक ठेवायची आणि सर्व्हर रीस्टार्ट व्हायची वाट बघायची. रूट स्वतःच्या हाताने तिजोरीची किल्ली देणार. म्हणून दुसऱ्याला लिहिता येईल अशा डिरेक्टरीत रूटने चोन करूच नये. युजर सिस्टिमडीच्या (सर्व्हिस सांभाळणारी यंत्रणा) सिसयूजर्सने तयार करा आणि सर्व्हिस पहिल्यापासून त्याच युजरने चालू द्या.

आता उलटी तक्रार. 'अपलोडच्या डिरेक्टरीला ७७७ (सगळ्यांना सगळ्या परवानग्या) दिलं, तरी ॲप लिहीत नाही.' लॉगमध्ये नीट वाचा: तिथे 'परमिशन डिनाइड' नसून 'रीड-ओन्ली फाइल सिस्टिम' असेल, तर सीएचमॉडचा (परवानग्या बदलणारी कमांड) काही उपयोग नाही. डेबियनच्या सिस्टिमडी युनिटमध्ये (सर्व्हिसच्या सेटिंगची फाइल) प्रोटेक्टसिस्टिम 'स्ट्रिक्ट' असतं, त्यामुळे मोजक्या जागा सोडून बाकी डिस्क या सर्व्हिसला फक्त वाचता येते. सिस्टिमसीटीएल एडिटने ओव्हरराइड (युनिटवर चढणारी तुमची स्वतःची सेटिंग) तयार करा, रीडराइटपाथ्समध्ये ती डिरेक्टरी लिहा, सर्व्हिस रीस्टार्ट करा. पॅकेज बांधणाऱ्याने हे रीडमी-डेबियनमध्ये लिहून ठेवावं. (ते कोणी वाचत नाही हे खरं, पण निदान बोट दाखवायला जागा राहते.)

तयार जार (जावाच्या कंपाइल झालेल्या कोडची फाइल) आत कोंबू नका. डेबियनमध्ये सगळं सोर्सपासून बांधावं लागतं, तेही नेटशिवाय. त्यामुळे लिब डिरेक्टरीत इतर पॅकेजांच्या जारकडे जाणाऱ्या सिमलिंक येतात. जेएसपी (आत जावा असलेली वेबपानं) कंपाइल करणाऱ्या ईसीजे जारची लिंक तुटली, तर सर्व्हर खुशाल सुरू होतो आणि पहिलं जेएसपी पान उघडताच ५०० हा एरर येतो. तेव्हा लिंक आवृत्ती नसलेल्या नावाकडे ठेवा आणि चाचणीत एक जेएसपी पान उघडून बघाच.

टॉमकॅट ९ जावा ८ वरही चालतो, पण तुमची बिल्ड नव्या जेडीकेवर (जावाचा कंपायलर आणि साधनं) होते. कंपायलरला सोर्स आणि टार्गेट ८ दिलं म्हणून निर्धास्त राहू नका. बाइटबफरच्या फ्लिप मेथडचा परतावा जावा ९ मध्ये बफरवरून बाइटबफर झाला. नव्या क्लास लायब्ररीवर कंपाइल झालेला कोड जावा ८ वर 'नोसचमेथडएरर' देतो. त्याऐवजी रिलीज ८ हा पर्याय द्या, म्हणजे कंपायलर जुनीच लायब्ररी समोर धरतो.

राहिला टॉमकॅट १०. इथे सर्व्हलेटचं (वेब विनंतीला उत्तर देणारा जावा क्लास) जावा पॅकेज जावाएक्स सोडून जकार्ता झालं. डेबियन १२ मध्ये चालता सर्व्हर १० आहे, ९ ची फक्त लायब्ररी उरली. जुनं वॉर (वेबॲपची बांधलेली फाइल) टाकल्यावर त्यात सर्व्हलेटची नोंद करणारी वेब डॉट एक्सएमएल असेल तर लॉगमध्ये क्लास सापडत नसल्याची बोंब तरी दिसते. पण सर्व्हलेट नुसत्या ॲनोटेशनवर (कोडमध्येच लिहिलेली नोंद) असतील, तर लॉग स्वच्छ आणि ब्राउझरमध्ये ४०४. अशा वेळी कॉन्टेक्स्ट पाथ तपासत तासभर घालवण्याआधी त्या वॉरमधल्या क्लासमध्ये जावाएक्स-सर्व्हलेट शोधा.