टर्मिनलला नंबर घालताना

जळगावात मी डाळ मिलची इलेक्ट्रिक पॅनल, म्हणजे मशीन चालवणाऱ्या स्विच-तारांच्या पेट्या, बांधतो. तुरीला तेल चोळतात, त्यामुळे इथली धूळसुद्धा तेलकट. ती पॅनलमध्ये शिरते, त्यात मे महिन्याचं ऊन. चिकटपट्टीवर पेनानं लिहिलेले नंबर अशा जागी टिकत नाहीत, गळून पॅनलच्या तळाशी पडतात. एका मिलमध्ये रात्री 2 वाजता मला बोलावलं होतं. एलिव्हेटर (धान्य वर चढवणारं मशीन) बंद, बाहेर तुरीच्या गाड्या उभ्या, आणि एकाही तारेवर नंबर नाही. एका लिमिट स्विचची (मशीनचा भाग ठरलेल्या जागी आला की दबणारा स्विच) तार सापडेपर्यंत उजाडलं. म्हणून छापील फेरूल (तारेवर ओवायची नंबरची नळी) आणि टर्मिनलवर, म्हणजे तारा जोडायच्या स्क्रूच्या ठोकळ्यावर, दाबून बसणारे मार्कर, यांत मी काटकसर करत नाही.

नंबर आधी ड्रॉइंगवर ठरवा, मग रेलवर, म्हणजे टर्मिनल बसतात त्या पट्टीवर. माझी पद्धत अशी: X1 पॉवर, X2 म्हणजे 230 व्होल्ट कंट्रोल, X3 वर 24 व्होल्टचे सेन्सर. प्रत्येक गटाच्या दोन्ही टोकांना एंड क्लॅम्प (टर्मिनल सरकू न देणारा अडसर), त्यावर गटाचं नाव. गटात क्रम मशीनप्रमाणे लावा. एका एलिव्हेटरचा लिमिट स्विच, स्पीड सेन्सर आणि लोकल स्टॉप आपापल्या गटात सलग आले, की केबलही सरळ खाली ग्लँडपर्यंत (केबल पॅनलमध्ये शिरते ते तोंड) उतरते. रिकामी टर्मिनल सगळी शेवटी ठेवू नका, प्रत्येक मशीनच्या मागे दोन-दोन सोडा. मिलवाला सेन्सर वाढवतोच, आणि मग 7 नंबरच्या शेजारी 43 येऊन बसतो.

फेरूल तारेच्या टोकाला लग (धातूची टोपी) दाबण्याआधी ओवायचं, नंतर ते जात नाही. तारेच्या दोन्ही टोकांना एकच नंबर, वाचायची दिशाही सगळीकडे एकच. नाहीतर 66 उलटं होऊन 99 दिसतं. हाताखालचा पोरगा विचारतो, "भाऊ, सहा की नऊ?" त्यानं विचारलं तर बरं, न विचारता जोडलं तर मोटर भलत्या वेळी सुरू होईल. 6 आणि 9 खाली रेघ असलेलेच घ्या.

एका स्क्रूखाली दोन तारा कोंबू नका, शेजारचं टर्मिनल घेऊन जम्पर (दोन टर्मिनल जोडणारी पट्टी) टाका. मेन स्विच बंद केल्यावरही दुसऱ्या पॅनलमधून सप्लाय येत असेल, तर त्या तारा नारिंगी ठेवा आणि तिथं इशाऱ्याची पाटी लावा. हात घालण्याआधी टेस्टर लावाच.

शेवटी मेन बंद ठेवून एकानं ड्रॉइंगवरचा नंबर वाचायचा, दुसऱ्यानं त्या तारेच्या दोन्ही टोकांना मीटर लावून बझर वाजवायचा. जुळलं की लाल पेनानं टिक. तीच प्रत प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून दाराच्या आतल्या कप्प्यात ठेवा.