सेकंडहँड मॅच एअर रायफल घेताय? बॅरल बदलायच्या आधी नीट बघा तरी

यूट्यूबवर अमेरिकेतले लोक रायफलला आफ्टरमार्केट (बाहेरच्या कंपनीचं) बॅरल, म्हणजे नळी, टाकताना दिसतात, मग आपल्याकडची पोरं पण विचारायला लागतात की कुठलं बॅरल भारी. तर शिकारीचं आधीच सांगून टाकतो, १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आणि त्यातली १९९१ ची दुरुस्ती, यानंतर शिकारीची रायफल हा विषयच आपल्याकडे संपला. पॉइंट टू-टू वगैरे गोळीच्या रायफलीचं नुसतं सुटं बॅरलसुद्धा शस्त्र कायद्यात शस्त्रच धरतात, लायसन्सशिवाय त्याच्या वाटेला जाऊ नका. उरली १० मीटरवरच्या टार्गेट स्पर्धेची, हवेच्या दाबावर चालणारी एअर रायफल, तिलाच मॅच रायफल म्हणतात. ४.५ मिमी कॅलिबर (नळीचं भोक) आणि ताकद २० ज्यूलच्या आत असेल तर आर्म्स रूल्स २०१६ प्रमाणे लायसन्स लागत नाही, आणि मॅच रायफल तर ८ ज्यूलच्या आसपासच असते.

आता फाइनवर्कबाऊ किंवा वाल्थर या जर्मन कंपन्यांची नवीन घ्यायची तर लाखांत जाते, त्यामुळे ठाण्या-पनवेलकडचे बरेच पालक जुनी बघतात. आणि विकणारा म्हणतो बॅरल एकदम नव्यासारखं, घेणारा मान डोलावतो.

खरं सांगू का, एअर रायफलचं बॅरल झिजत नाही म्हटलं तरी चालेल. शिशाची मऊ पेलेट (छर्रा), वेग सेकंदाला १७०-१७५ मीटर, दारू नाही, जाळ नाही, स्टील कशाने खाल्लं जाणार? खराब होतं ते दोनच गोष्टींनी, चुकीच्या क्लिनिंगने आणि गंजाने. बघायचं ते हेच.

दाबलेल्या हवेचा सिलिंडर काढा, रायफल रिकामी आहे याची खात्री करा, मग मझलचं (नळीच्या तोंडाचं) वजन किंवा पुढची ट्यूब उतरवा. बऱ्याच जणांना माहीतच नसतं की बाहेरून जी लांबलचक नळी दिसते त्यातला पुढचा तुकडा नुसती पोकळ ट्यूब असते, नेम धरायची साइट लांब बसावी म्हणून. आतलं खरं बॅरल साधारण ४२ सेंटीमीटरचं. त्या खऱ्या बॅरलचं तोंड, ज्याला क्राऊन म्हणतात, तिथे सगळी गंमत आहे. पेलेट सुटताना शेवटचा स्पर्श तिथे होतो, एका बाजूला जरी बारीक ओरखडा असला तरी मागची हवा वाकडी सुटते आणि पेलेटला धक्का बसतो. कानात घालायची कापसाची काडी घ्या, क्राऊनच्या आतल्या कडेवरून हळूच गोल फिरवा. कापसाचा धागा कुठे अडकला तर तिथे बर (धातूचं बारीक टोक) आहे समजा. मग मागून टॉर्च मारा, आतल्या खाचा स्वच्छ चमकल्या पाहिजेत, तपकिरी ठिपके दिसले तर किंमत पाडून मागा नाहीतर सोडून द्या. घोडबंदर काय नि ऐरोली काय, पावसाळ्यात फोमच्या बॅगेत चार महिने बंद ठेवलेल्या रायफलीला हे हमखास होतं.

विकणाऱ्याकडे कंपनीचं टेस्ट कार्ड मागा, म्हणजे कारखान्यात रायफल मारून बघितल्याचं कार्ड. रायफलसोबत येतं, त्यावर सिरियल नंबर असतो, तो रायफलीवरच्या आणि बिलावरच्या नंबराशी जुळला पाहिजे. बिल नसेल तर कितीही स्वस्त मिळूदे, नको. सिलिंडरची तारीख पण बघा, बनवल्यापासून १० वर्षं झाली की तो बाद धरायचा, नवीन सिलिंडर खिशाला चांगलाच खार लावतो.

आता मुख्य मुद्दा पेलेटचा. १० मीटरच्या टार्गेटवर दहाचा ठिपका अर्ध्या मिलीमीटरचा असतो, पेलेटच त्याच्या नऊपट जाड. एवढ्या बारीक हिशोबात प्रत्येक बॅरलची आवड वेगळी निघते, एकाच मॉडेलच्या दोन रायफलींनापण एकच डबा चालेल असं नाही. म्हणून बॅरलवर पैसे घालायच्या आधी पेलेट बदलून बघा. आरडब्ल्यूएस आर१०, एचअँडएन फिनाले मॅच, जेएसबी असे दोन-तीन ब्रँड आणि हेड साइज (पेलेटच्या डोक्याचा व्यास) ४.४९ आणि ४.५० मिमी दोन्ही घ्या, रायफलसाठी साधारण ०.५३ ग्रॅमची, पिस्तूलची हलकी नको. रायफल व्हाइसमध्ये (शिकंजात) घट्ट बांधा (रेंजवर कोचला विचारलं की सोय होते), ब्रँड बदलला की पहिले वीसेक शॉट मोजूच नका, कारण आधीच्या शिशाचा थर आत असतो, मग दहा-दहा शॉटचे ग्रुप मारा, म्हणजे एकाच जागी नेम धरून. बाहेरच्या कडेपासून कडेपर्यंत साडेपाच-सहा मिमी आलं तर बॅरल उत्तम आहे, विषय बंद. जो डबा जमला त्याचा लॉट नंबर लिहून ठेवा आणि त्याच लॉटचे जमतील तेवढे उचला, पुढच्या लॉटला तोच ब्रँड वेगळा वागू शकतो.

ग्रुप फाटतोय? लगेच बॅरलला शिव्या घालू नका, ॲलन की घ्या आणि फ्रंट साइट, ट्यूब, बॅरलचा क्लॅम्प, स्टॉकचे स्क्रू सगळं तपासा. दहातले नऊ वेळा काहीतरी ढिलं सापडतं.

एवढं सगळं करून पण क्राऊनच गेलेला निघाला तर मग बॅरल. तेव्हा त्याच कंपनीचं, त्याच मॉडेलचं घ्या. नुसतं लोथार वाल्थर या बॅरलच्या कंपनीचं ब्लँक (अर्धवट तयार नळी) मागवून काही होत नाही, हवा आत येण्याचं भोक, मागची ओ-रिंगची बैठक, बाहेरचा व्यास, सगळं त्या रायफलीच्या मापात लागतं आणि नंतर वेग पुन्हा सेट करावा लागतो. वागळे इस्टेटमधला लेथवाला हात लावायला तयार होईल, कामात माणूस पटाईत असेलही, पण क्राऊन त्याच्याकडे देऊ नका, असोसिएशनला किंवा कोचला विचारून एअर रायफलचंच काम करणारा माणूस गाठा. पनवेलला कर्नाळा स्पोर्ट्स अकादमीत ऑलिंपिक नेमबाज सुमा शिरूर यांचा लक्ष्य क्लब आहे, ठाण्याहून ट्रान्स-हार्बरने थेट जाता येतं, तिकडच्या शूटर्सकडे अशी माहिती असते. लोकलमध्ये रायफल केसमध्येच, आणि बिल-कार्ड सोबत, स्टेशनवर बॅग उघडायला लावली तर वाद घालू नका.

घरी आणल्यावर लोखंडी रॉड आणि तारेचा ब्रश दोन्ही लांब ठेवा. फेल्टच्या गोळ्या मागून पुढे, तोंडाकडून कधीच नाही. जूनपासून बॅगेत सिलिका जेल टाका आणि पाकिटं महिन्याभराने बदला.