जुलाब-उलट्यांचं बाळ वॉर्डात असताना

बालरोग वॉर्डात रात्रपाळीला असले की उशाशी बसलेली कुणी ना कुणी आई विचारतेच, "सिस्टर, अँटिबायोटिक का नाही देत?" लहान मुलांना अचानक लागलेले पाण्यासारखे जुलाब बहुतेक वेळा विषाणूंमुळे असतात आणि त्यांच्यावर अँटिबायोटिकचा उपयोग होत नाही, म्हणून.

कोणता विषाणू असेल, याचा अंदाज मी आईच्या सांगण्यावरून बांधते. आधी ताप-उलट्या, मग पातळ शी आणि हे सगळं तीन ते आठ दिवस चाललं, तर रोटाव्हायरस. एकाएकी उलट्यांवर उलट्या, घरातली मोठी माणसंही आजारी आणि दोन-तीन दिवसांत सगळं निवळलं, तर नोरोव्हायरस. उलट्या कमी, पण आठवडा उलटला तरी जुलाब थांबेनात, तर अ‍ॅडेनोव्हायरसचा ४० किंवा ४१ क्रमांकाचा प्रकार मनात येतो. खात्री शीच्या तपासणीनेच होते. शीमध्ये रक्त दिसलं तर मात्र लगेच आम्हाला दाखवा, तिथे कारण वेगळं असू शकतं.

नाव कुठलंही निघो, बाळाच्या अंगातून गेलेलं पाणी भरून काढायचं असतं. उलटी झाली की दहा मिनिटं थांबा. मग ओआरएस चमच्या-चमच्याने, मध्ये दोन-तीन मिनिटं सोडून. तहानलेल्या बाळाला घटाघट पाजावंसं वाटतं, पण ते तसंच उलटून पडतं. डॉक्टरांनी वेगळं माप दिलं नसेल तर दर जुलाबामागे दोन वर्षांखाली ५० ते १०० मिलि, त्यापुढे १०० ते २००. अंगावरचं दूध चालूच ठेवा. शू कधी झाली ते कागदावर लिहा. सहा तास शू नाही, रडताना अश्रू नाहीत, टाळू खोल गेली किंवा बाळ मलूल पडलं, तर डॉक्टरांच्या फेरीची वाट बघू नका, आम्हाला उठवा.

एकदा न्यूमोनियासाठी आलेल्या बाळाला चौथ्या दिवशी जुलाब लागले. शेजारच्या खाटेवर रोटाचं बाळ होतं आणि दोघांची खेळणी एक झाली होती. ते मला अजून सलतं. म्हणून खेळणी वेगळी ठेवा, लंगोट बदलला की थेट झाकणाच्या डब्यात टाका आणि हात साबण-पाण्यानेच धुवा. नोरोव्हायरससाठी नुसत्या सॅनिटायझरवर भिस्त ठेवू नका.

जुलाब थांबल्यावरही शीतून विषाणू काही दिवस जात राहतात, तेव्हा घरीही हात असेच धुवा. झिंक लिहून दिलं असेल तर १० ते १४ दिवसांतले जितके सांगितलेत तितके पुरे द्या. बरीच मंडळी ते अर्ध्यावरच सोडतात.