जुन्या नेटबुकवर लिनक्स पुन्हा बसवताना
प्रोसेसर ३२-बिट आहे की ६४-बिट, हे आधी तपासावे. इंटेल ॲटम एन२७० हा ३२-बिट असल्याने त्यावर डेबियन या लिनक्स प्रणालीची १२ वी आवृत्ती, म्हणजे डेबियन १२, बसते, मात्र २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३ मध्ये ३२-बिट पीसीसाठी इन्स्टॉलरच उरलेला नाही. विदर्भातील खेड्यांत नेटचा भरवसा नसतो, म्हणून तालुक्याच्या गावाहून डेबियन १२ च्या पहिल्या डीव्हीडीची पूर्ण आयएसओ फाइल (डिस्कची हुबेहूब प्रत) ८ जीबीच्या पेनड्राइव्हवर आणावी. सातबाऱ्याच्या पीडीएफ आणि घरचे फोटो आधी दुसरीकडे काढून ठेवावेत. ‘होम’ विभाजन (डिस्कचा आपल्या फाइली असलेला भाग) वेगळे असले, तर ते फॉरमॅट करू नये. १ जीबी रॅमवर ग्नोम हे डेस्कटॉप रखडते, त्याऐवजी एलएक्सडीई हे हलके डेस्कटॉप निवडावे. जुनी बॅटरी बहुधा नावालाच असते, तेव्हा भारनियमनाची वेळ टाळून किंवा इन्व्हर्टरवरच हे काम करावे.