देशभरातल्या थंडीची महिनावार नोंद घरबसल्या कशी ठेवायची

नोव्हेंबर संपत आला की आमच्याकडे दोन गोष्टी बाहेर निघतात, कपाटातले स्वेटर आणि माझी थंडीची एक्सेल शीट. घरचे हसतात, हसू देत. पण जानेवारीत ग्रुपवर "यंदा शंभर वर्षांतली सगळ्यात कडक थंडी" असा मेसेज फिरायला लागला की हेच लोक मला विचारतात, काय रे खरं आहे का. तेव्हा शीट उघडून आकडा दाखवता येतो, त्यातच सगळी मजा आहे.

काम अवघड नाहीये. रोजची दहा-पंधरा मिनिटं लागतात. पण अशी शीट बिघडते कुठे हे आधी सांगतो कारण मी स्वतः पहिली दोन वर्षं वाया घालवली आहेत. तापमानाचा आकडा सहसा चुकत नाही हो, तो हवामान खात्याच्या साइटवर सरळ लिहिलेला असतो. चुकतं ते हे की तो आकडा नक्की कुठल्या स्टेशनचा आणि कुठल्या तारखेचा. या दोन गोष्टी सांभाळल्या की बाकी सगळं जमतं.

आधी स्टेशनं ठरवा

सगळा देश घ्यायला जाऊ नका, आठ दिवसांत कंटाळाल. पंचवीसेक स्टेशनं पुरतात, फक्त ती नीट पसरलेली हवीत. माझ्या यादीत वरून खाली येताना लेह, श्रीनगर, शिमला, अमृतसर, दिल्ली, चुरू, लखनौ, पाटणा, गुवाहाटी, शिलाँग, कोलकाता, अहमदाबाद, भोपाळ, नागपूर, पुणे, महाबळेश्वर, मुंबई, पणजी, हैदराबाद, बंगळुरू, चेन्नई, तिरुवनंतपुरम, पोर्ट ब्लेअर अशी आहेत, अजून एक-दोन दर वर्षी आत-बाहेर होतात. तिरुवनंतपुरमला कसली थंडी असं वाटेल, पण तिथला सपाट आलेख शेजारी असला की लेहचा आलेख काय चीज आहे ते कळतं. हवामान खात्याने देशाचे ३६ उपविभाग केलेत, त्यातले चार आपल्याकडचे, कोकण-गोवा, मध्य महाराष्ट्र, मराठवाडा आणि विदर्भ. या चारातून किमान एकेक स्टेशन घ्याच.

आता महत्त्वाचं. शहराचं नाव म्हणजे स्टेशन नाही. मुंबईत दोन वेधशाळा, कुलाबा आणि सांताक्रूझ. २२ जानेवारी १९६२ ला सांताक्रूझला किमान ७.४ अंश होतं आणि त्याच दिवशी कुलाब्याला ११.७. एकच शहर, एकच पहाट, फरक चार अंशांहून जास्त, कारण कुलाबा तिन्ही बाजूंनी समुद्रात घुसलेलं टोक आणि समुद्र रात्री पटकन गार होत नाही. त्यामुळे नुसतं "मुंबई" लिहिलं आणि आज एक उद्या दुसरं घेतलं तर तुमची थंडीची लाट स्टेशन बदलल्यामुळे आलेली असू शकते. दिल्लीत सफदरजंग आणि पालम, चेन्नईत नुंगमबाक्कम आणि मीनमबाक्कम, कोलकात्यात अलीपूर आणि दमदम, सगळीकडे हीच गंमत. पुण्यात तर विचारूच नका, शिवाजीनगर, पाषाण, लोहगाव, हवेली, मगरपट्टा, प्रत्येकाचा आकडा वेगळा आणि पेपरवाले ज्याचा सगळ्यात कमी त्याची हेडलाइन करतात.

यावर उपाय म्हणजे प्रत्येक स्टेशनचा पाच आकडी आंतरराष्ट्रीय नंबर शीटमध्ये टाकायचा. शिवाजीनगर ४३०६३, कुलाबा ४३०५७, सांताक्रूझ ४३००३, सफदरजंग ४२१८२, पालम ४२१८१, नुंगमबाक्कम ४३२७८. मी पहिल्या वर्षी महिनाभर सफदरजंगच्या रकान्यात पालम भरत होतो, नंबर लिहायला लागल्यापासून ते बंद झालं.

नाशिकजवळच्या निफाडबद्दल विचारणार हे माहितीये. तिथला बातम्यांतला आकडा कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातला असतो. तो खोटा नाही, तिथे खरंच कडाका असतो, पण तो नाशिकचा आकडा नव्हे. स्वतंत्र रकाना करा, नाशिकच्या जागी भरू नका.

महाबळेश्वरचंही तसंच. दर हिवाळ्यात वेण्णा तलावावर हिमकण, जेटीवर पांढरी चादर, स्ट्रॉबेरीच्या पानांवर गोठलेलं दव असे फोटो येतात, आणि वेधशाळेचा त्या दिवशीचा किमान आकडा बघितला तर त्यात गोठण्यासारखं काहीच नसतं. लोक म्हणतात वेधशाळा झोपली होती का. तसं नसतं. रात्री आकाश निरभ्र असेल आणि वारा पडलेला असेल तर गार हवा जड होऊन उतारावरून खाली तलावाच्या खोलगटात साचते. शिवाय वेधशाळेतला थर्मामीटर जमिनीवर ठेवलेला नसतो, तो झडपांच्या पांढऱ्या लाकडी पेटीत साधारण सव्वा मीटर उंचीवर असतो, आणि गवताच्या पात्याजवळ हवा त्याहून बरीच गार असते. दोन्ही गोष्टी खऱ्या. तुम्ही रकान्यात वेधशाळेचा आकडा लिहा आणि शेरा म्हणून "वेण्णा हिमकण" लिहा. (ही पेटी म्हणजे स्टीव्हन्सन स्क्रीन, ती बनवणारा थॉमस स्टीव्हन्सन हा मूळचा दीपगृहं बांधणारा इंजिनिअर.)

तारखेचा घोळ

आपल्याकडे मुख्य नोंदी सकाळी साडेआठ आणि संध्याकाळी साडेपाच या दोन वेळांच्या. किमान तापमान सकाळच्या नोंदीत कळतं, कमाल संध्याकाळच्या. पाऊस मोजतात सकाळी साडेआठला, आदल्या दिवशीच्या साडेआठपासूनचा, आणि तो मोजला त्या दिवसाच्या नावावर लागतो. म्हणजे १ जानेवारीला सकाळी तुम्ही हवामान खात्याच्या शहराच्या पानावर गेलात तर तिथे दिसणारं कमाल तापमान कालचं, म्हणजे ३१ डिसेंबरचं. किमान आज पहाटेचं. आणि पाऊस पडला असेल बहुतेक काल, पण लिहायचा आजच्या तारखेला. एकाच पानावरच्या तीन आकड्यांपैकी एक डिसेंबरच्या शीटमध्ये जातो आणि दोन जानेवारीच्या! हे एकदा डोक्यात बसलं की तुम्ही निम्मी लढाई जिंकलात. मी पहिल्या वर्षी तिन्ही आकडे एकाच ओळीत टाकत होतो त्यामुळे माझं सगळं कमाल तापमान एक दिवस पुढे सरकलेलं, कुणी विचारलं की सगळ्यात गार दुपार कुठली तर मी छातीठोकपणे दुसराच दिवस सांगायचो.

ज्यांना सिनॉप म्हणजे स्टेशनांचे कोडमधले संदेश वाचायचेत (ओजिमेटसारख्या साइटवर ते जगभरचे मिळतात) त्यांच्यासाठी, तिथली वेळ जागतिक असते, आपली वेळ हवी तर साडेपाच तास मिळवा. ०३ म्हणजे आपले सकाळचे साडेआठ, १२ म्हणजे संध्याकाळचे साडेपाच. दिवसाचा सारांश कुठल्या वेळेला कापलाय ते बघूनच आकडा उचला.

शीट बनवताना

रोज स्टेशनमागे चारच रकाने पुरेत. कमाल, किमान, पाऊस, शेरा. शेऱ्यात धुकं, बर्फ, गारपीट, थंड वारा असं काहीही. धुक्यासाठी दृश्यमानता मिळाली तर लिहा, १००० मीटरच्या खाली गेली की धुकं, २०० च्या खाली दाट, ५० च्या खाली अतिदाट.

एक्सेलचा एक खोडसाळपणा फक्त हिवाळ्यातच नडतो. तुम्ही 'एक डिसेंबर' म्हणून ०१/१२ लिहिता आणि कॉम्प्युटरचं सेटिंग अमेरिकन असेल तर तो त्याला १२ जानेवारी करतो. मे महिन्यात असं झालं तर लगेच डोळ्यात भरेल, पण इथे दोन्ही तारखा हिवाळ्यातल्याच, तापमानही साधारण तसंच, त्यामुळे चूक महिनोन् महिने लपून राहते. म्हणून तारीख २०२५-१२-०१ अशी वर्षापासून लिहा.

दुसरं म्हणजे शून्य आणि रिकामी जागा. पाऊस नाही पडला तर ०, नोंदच मिळाली नाही तर रिकामं. आणि नोंद नाही म्हणून आडवी रेघ मारायची सवय असेल तर सोडा, लेह-श्रीनगरच्या रकान्यात उणे चिन्ह आणि रेघ यांचा असा काही गोंधळ होतो की विचारू नका. उणे चिन्ह राहून गेलं तर श्रीनगरचं उणे पाच हे पाच होतं आणि महिन्याची सरासरी गुपचूप वर चढते. दर रविवारी या दोन रकान्यांवर एकदा नजर टाका.

आकडा विचित्र वाटला म्हणून दुरुस्त करू नका. शिमल्याचं किमान दिल्लीपेक्षा जास्त आलं तर ती चूक असेलच असं नाही, निरभ्र, वारा नसलेल्या रात्री गार हवा सपाटीवर साचून बसते आणि डोंगरावर त्या मानाने ऊब असते, मग वर सकाळी धुकं असलं की दिल्लीला दुपारीही ऊन लागत नाही. ३० डिसेंबर २०१९ ला सफदरजंगचं कमाल तापमान फक्त ९.४ होतं. कमाल, किमान नव्हे! म्हणून म्हणतो कमाल तापमान लिहायचा आळस करू नका, सगळे किमानाच्याच मागे असतात आणि उत्तरेतली खरी थंडी कित्येकदा दुपारच्या आकड्यात दिसते.

महिना संपल्यावर

महिन्याचं सरासरी कमाल, सरासरी किमान, आणि दोन्हींची बेरीज भागिले दोन म्हणजे महिन्याचं सरासरी तापमान. मग सगळ्यात कमी किमान तारखेसकट, सगळ्यात कमी कमाल तारखेसकट, पावसाची बेरीज, आणि २.५ मिलिमीटर किंवा जास्त पाऊस झालेले दिवस किती. उत्तरेतला हिवाळी पाऊस पश्चिमी विक्षोभांचा असतो, भूमध्य समुद्राकडून येणाऱ्या हवेच्या लहरींचा, त्यामुळे पावसाची तारीख आणि पुढच्या दोन-तीन दिवसांतलं किमान शेजारी ठेवून बघा. ढग असताना रात्र उबदार आणि विक्षोभ पुढे सरकला की उत्तरेचा वारा सुटून पारा धाडकन खाली, हे शीटमध्ये इतकं स्पष्ट दिसतं की मला दर वेळी नव्याने गंमत वाटते. तमिळनाडूचा डिसेंबरातला पाऊस मात्र वेगळा, तो ईशान्य मान्सूनचा, दोन्ही एकत्र करून "देशात हिवाळ्यात इतका पाऊस" म्हणू नका.

नोंदी राहिल्या तर? राहतातच, साइट बंद असते, आपण गावाला जातो. अंदाजाने भरू नका आणि शेजारच्या दोन दिवसांची सरासरी तर अजिबात टाकू नका. जागतिक हवामान संघटनेचा नियम असा की महिन्यात ११ किंवा जास्त दिवस नसतील किंवा सलग ५ दिवस नसतील तर त्या महिन्याची तापमानाची सरासरी काढायचीच नाही. पावसाला तर एकही दिवस गहाळ चालत नाही कारण ती बेरीज आहे, नेमका राहिलेल्या दिवशी तीस मिलिमीटर पडला असेल तर बेरजेला काय अर्थ.

सरासरीपेक्षा कमी-जास्त किती हे लिहायचं असेल तर ते कुठल्या तीस वर्षांच्या सरासरीशी हे शेजारी लिहा, सध्या १९९१ ते २०२० ची वापरतात, आधी १९८१ ते २०१० ची होती. सरासरी बदलली की फरक बदलतो, म्हणून मूळ आकडा कधीच पुसू नका.

आणि सगळ्या स्टेशनांची मिळून "देशाची सरासरी" काढायचा मोह होईल. लेहचे उणे आणि तिरुवनंतपुरमचे बावीस एकत्र करून जे येतं ते कुठल्याच गावचं हवामान नसतं. फारच हौस असेल तर प्रत्येक स्टेशनचा सरासरीपासूनचा फरक घेऊन त्यांची सरासरी काढा, तेही स्वतःपुरतं. खऱ्या देशपातळीच्या कामाला हवामान खात्याच्या पुणे ऑफिसचा चौकटींचा डेटा आहे (म्हणजे नकाशावर चौकटी पाडून प्रत्येक चौकटीचा आकडा दिलेला), तापमान १९५१ पासून आणि पाऊस १९०१ पासून, फुकट डाउनलोड होतो. हे ऑफिस म्हणजे शिवाजीनगरचं सिमला ऑफिस. १९२८ मध्ये खात्याचं मुख्यालय शिमल्याहून पुण्यात आलं, १९४४ मध्ये ते दिल्लीला गेलंसुद्धा, पण चौकाचं नाव अजून तेच आहे आणि रोज तिथे सिग्नलला घाम गाळणाऱ्या अर्ध्या लोकांना शिमल्याचा इथे काय संबंध हे माहीत नसतं.

हिवाळा म्हणजे कुठले महिने

खात्याच्या हिशोबात हिवाळा म्हणजे फक्त जानेवारी-फेब्रुवारी, डिसेंबर मान्सूनोत्तर हंगामात मोडतो. बाहेर जगात डिसेंबर ते फेब्रुवारी धरतात. नागपूरचा ३.५ अंशांचा नीचांक २९ डिसेंबर २०१८ चा आहे, म्हणजे खात्याच्या व्याख्येने तो हिवाळ्यातलाच नाही! मी तिन्ही महिन्यांची वेगवेगळी पानं ठेवतो आणि बेरीज दोन्ही प्रकारे करतो. तीन महिन्यांचा हिवाळा जानेवारी ज्या वर्षात येतो त्या वर्षाच्या नावाने ठेवा, नाहीतर दोन वर्षांनी स्वतःलाच कळत नाही.

थंडीची लाट हा शब्दही हुडहुडी भरली म्हणून लिहू नका. मैदानी भागात किमान १० किंवा खाली आणि सरासरीपेक्षा ४.५ ते ६.४ ने कमी असेल तर लाट, त्याहून जास्त घसरण असेल तर तीव्र लाट. किंवा सरळ ४ अंश वा खाली गेलं तर लाट, २ वा खाली तर तीव्र. किनाऱ्यावर १० कुठून येणार, म्हणून तिथे १५ ची मर्यादा आणि ४.५ ची घट. डोंगराळ भागात किमान शून्य किंवा खाली लागतं, म्हणून महाबळेश्वरला ही पट्टी लावताना जपून. एक्सेलमध्ये रंगाचा नियम लावून ठेवा, आपोआप निळं होतं.

शेवटचं काम १ मार्चला सकाळचं. त्या दिवशी पानावर दिसणारं कमाल तापमान फेब्रुवारीच्या शेवटच्या दिवसाचं असतं, ते भरल्याशिवाय फेब्रुवारी बंद करू नका. ते भरलं की फाइलच्या दोन कॉप्या, एक मेलवर, एक पेनड्राइव्हवर, आणि मग उन्हाळ्याची शीट हवी असेल तर ती वेगळी काढा, त्याच फाइलमध्ये खाली चालू ठेवू नका.