पेजर, पहार आणि तपासणीची संध्याकाळ: व्हॉलंटियर फायर कंपनीत नव्याने येणाऱ्यांसाठी

मी फायर कंपनीत, म्हणजे गावच्या अग्निशमन दलात, जातो म्हटलं की इथल्या मराठी मित्रांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: पगार किती? पगार नसतो. पेनसिल्व्हेनियात मोठी शहरं सोडली तर बहुतेक अग्निशमन दलं गावातली माणसंच नोकरीधंदा सांभाळून चालवतात. आपण वाढलो तिथे १०१ फिरवला की महापालिकेचे पगारी जवान येतात, त्यामुळे हे पटायला वेळ लागतो. इथे ही पद्धत फार जुनी आहे. बेंजामिन फ्रँकलिनने फिलाडेल्फियात युनियन फायर कंपनी सुरू केली ती १७३६ साली, आणि तेव्हाही ती शेजाऱ्यांनी शेजाऱ्यांसाठीच चालवलेली होती. आता अडचण माणसांची आहे. १९७०च्या दशकात या राज्यात ३ लाखांच्या आसपास स्वयंसेवक होते. २०१८च्या विधिमंडळ आयोगाच्या अहवालात तो आकडा ३८ हजारांवर आलेला आहे. मी चेस्टर काउंटीत राहतो. माझ्या आसपास आयटीतली मराठी कुटुंबं भरपूर आहेत, पण फायरहाऊसमध्ये आपली माणसं फारच थोडी. म्हणून हे लिहितो आहे.

नवीन माणूस आगीची स्वप्नं बघत येतो. त्याला माझं पहिलं सांगणं असतं की आठवड्याची तपासणीची संध्याकाळ चुकवू नकोस. त्या दिवशी प्रत्येक गाडीचा प्रत्येक कप्पा उघडला जातो, वस्तू बाहेर काढली जाते, चालवून पाहिली जाते आणि पुन्हा होती तिथेच ठेवली जाते. रात्री दोन वाजता पावसात, हेडलाइटच्या उजेडात कुणी ओरडून काही मागितलं, तर हात आपोआप बरोबर कप्प्याकडे गेला पाहिजे. हे कुठल्याही वर्गात शिकवून येत नाही.

इंजिन म्हणजे आपला आगीचा बंब. त्यात पाण्याची टाकी, पंप आणि होज, म्हणजे पाणी फेकायच्या नळ्या, असतात. आमच्यासारख्या ठिकाणी टाकी साधारण ७५० ते १००० गॅलनची असते. एक पावणेदोन इंची होज मिनिटाला १५० गॅलन पाणी फेकते, म्हणजे ७५० गॅलन पाच मिनिटांत संपतात. हा हिशेब पहिल्याच आठवड्यात डोक्यात बसवा. एकदा तो बसला, की पहिली गाडी घरासमोर थांबताच दुसऱ्या गाडीतला माणूस हायड्रंटकडे, म्हणजे रस्त्याकडेच्या आगीसाठीच्या नळाकडे, का धावतो ते कळतं. हायड्रंटच्या टोपीचा रंग बऱ्याच ठिकाणी पाण्याची क्षमता सांगतो: निळा सगळ्यात जोरदार, मग हिरवा, मग नारिंगी, आणि लाल म्हणजे मिनिटाला ५०० गॅलनपेक्षाही कमी. होज जोडण्याआधी हायड्रंट थोडा उघडून पाणी वाहू द्यायचं, कारण आत खडे, काड्या, कधी पोरांनी कोंबलेले कॅनसुद्धा असतात. शेतांच्या भागात हायड्रंटच नसतात. तिथे टँकर पाणी आणून रस्त्याकडेला मांडलेल्या ताडपत्रीच्या मोठ्या हौदात ओततात आणि इंजिन त्यातून पाणी ओढतं. हौद उघडून उभा करणं हे नव्या माणसाच्या हक्काचं काम आहे, ते नीट शिकून घ्या.

लॅडर ट्रकवर शिड्या, करवती, लांब आकड्या असतात. रेस्क्यू ट्रकवर अपघातात चेपलेली गाडी फाकवायची आणि कापायची हायड्रॉलिक अवजारं. पण मला विचाराल तर सगळ्यात उपयोगी वस्तू म्हणजे हॅलिगन. न्यूयॉर्कच्या अग्निशमन दलातल्या ह्यू हॅलिगन या अधिकाऱ्याने १९४०च्या दशकात ही पहार घडवली. एका टोकाला फाटा, दुसऱ्या टोकाला पाचर आणि काटा. सपाट पाठीच्या कुऱ्हाडीबरोबर तिची जोडी असते. फाटा दाराच्या फटीत बसवायचा, जोडीदाराने कुऱ्हाडीच्या पाठीने ठोकायचं, मग दांडा दाराच्या दिशेने रेटायचा. यात ताकदीपेक्षा कोन महत्त्वाचा असतो. सरावाच्या दारावर आमची सगळ्यात किरकोळ अंगाची मुलगी दणकट पोरांच्या आधी कुलूप उचकटते, ते याच कारणाने.

श्वसनसंच हा भाग मात्र सावकाश शिका. पाठीवरच्या सिलिंडरमध्ये ४५०० पीएसआय दाबाने हवा भरलेली असते, प्राणवायू नव्हे. बाटलीवर ४५ मिनिटं लिहिलेलं असलं तरी होज ओढत, जिना चढत काम करताना ती वीस-पंचवीस मिनिटांत उतरते. हवा एक तृतीयांश राहिली की घंटा वाजते, मास्क थरथरतो. ती वाजेपर्यंत आत थांबायचं नसतं, वाजायच्या आत बाहेर पडलेलं असायचं. संचाला एक अलार्म जोडलेला असतो: माणूस साधारण अर्धा मिनिट हलला नाही की तो कर्कश ओरडू लागतो, म्हणजे पडलेला सोबती धुरातही सापडतो. मास्क चेहऱ्याला घट्ट बसावा लागतो म्हणून दाढी चालत नाही, आणि दरवर्षी तो नीट बसतो का याची चाचणी होते. चष्मेवाल्यांनी घाबरू नये. चष्म्याच्या दांड्यांनी मास्कला फट पडते खरी, पण मास्कच्या आत बसवायची भिंगं मिळतात, ती पहिल्याच महिन्यात मागून घ्या.

अंगावरच्या पोशाखाला तीन थर असतात: बाहेरचा आगीला तोंड देणारा, मधला पाणी अडवणारा, आतला उष्णता थोपवणारा. श्वसनसंचासह सगळं मिळून पंचवीस-तीस किलो भरतं. आत सुती कपडे घाला, कृत्रिम धाग्याचे कपडे वितळून कातडीला चिकटतात. अंगठी, कडं, बांगड्या, साखळी घरी ठेवून या. आगीवरून आल्यावर पोशाख तिथेच धुवून, पिशवीत बांधून आणायचा. तसाच गाडीत टाकून घरी न्यायचा नाही. अग्निशमनाच्या व्यवसायाचं जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २०२२ मध्ये पहिल्या गटात, म्हणजे कर्करोगाला कारण ठरतो असं सिद्ध झालेल्या गटात वर्गीकरण केलं आहे. काजळीने माखलेलं हेल्मेट मिरवायचे दिवस गेले, आणि बरं झालं गेले.

आता कॉल कसले येतात ते. घराला लागलेली आग क्वचित. रोजचं म्हणजे आपोआप वाजलेले अलार्म, रस्त्यावरचे अपघात, वादळात पडलेल्या तारा आणि झाडं, गॅसचा वास, कोरड्या वाऱ्याच्या दिवसांत पेटलेलं गवत. अलार्ममध्ये स्वयंपाकाचा धूर हे नेहमीचं कारण, आणि त्यात आपल्या फोडण्या आहेतच. एक गोष्ट मी प्रत्येक मराठी घरात सांगतो. अपार्टमेंटमध्ये मिरच्यांचा ठसका झाला तर खिडक्या उघडा, पंखा लावा, पण कॉरिडॉरचं दार उघडू नका. घरातला अलार्म बहुधा घरापुरता असतो. कॉरिडॉरमधला मात्र सगळ्या इमारतीचा. दार उघडलं की धूर तिकडे जातो, तीन मजले थंडीत खाली उतरतात आणि आम्ही दोन ट्रक घेऊन येतो.

तरीही 'नेहमीचाच अलार्म' असं म्हणून निवांत निघणारा माणूस मला चालत नाही. एका थंडीच्या दुपारी टाउनहाऊसमध्ये डिटेक्टर वाजतोय असा कॉल आला. दार एका आजींनी उघडलं. साताऱ्याहून मुलाकडे आलेल्या, घरात त्या आणि आजोबा दोघंच. इंग्रजी जेमतेम. मी मराठीत बोललो तेव्हा त्यांचा चेहरा सैल झाला.

"अरे बाळा, बॅटरी संपलीय रे त्याची. मुलगा संध्याकाळी बदलेल. तुम्ही कशाला एवढे सगळे आलात?"

"आजी, आधी तुम्ही दोघं बाहेर या. चपला राहू द्या, शाल घ्या फक्त. डोकं दुखतंय का?"

"दोन दिवस झाले. यांचंपण. विमानाचा शीण असेल म्हटलं."

माझ्या खांद्याच्या पट्ट्याला वायुमापक अडकवलेला होता. तो बाहेरच्या हवेत सुरू करून शून्यावर आणलेला असतो, ही सवय तपासणीच्या संध्याकाळचीच. तो चार गोष्टी मोजतो: प्राणवायू, पेट घेणारा वायू, कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजन सल्फाइड. उंबऱ्यावर कार्बन मोनॉक्साइड शून्य होता. दिवाणखान्यात ३८ पीपीएम (हवेच्या दहा लाख भागांत ३८ भाग) झाला, आणि ३५ला लावलेला अलार्म वाजला. आम्ही मास्क चढवले. तळघराच्या जिन्यावर आकडा शंभराच्या पुढे गेला. खाली गॅसच्या वॉटर हीटरचा धूर बाहेर नेणारा पाइप सांध्यातून सुटलेला होता. आम्ही हीटरचा गॅस बंद केला, घर हवेशीर केलं, आकडा शून्यावर आल्याची खात्री केली, आजी-आजोबांना रुग्णवाहिकेतल्या लोकांकडे सोपवलं आणि गॅस कंपनीला बोलावलं. या वायूला ना वास ना रंग. डिटेक्टर एकसारखा चार-चार बीप देत असेल तर तो कार्बन मोनॉक्साइड, तीन-तीन देत असेल तर धूर, आणि अर्ध्या-एक मिनिटाने एकदाच चिरकत असेल तर बॅटरी किंवा यंत्राचं आयुष्य संपलंय. भारतातून आई-वडील येणार असतील तेव्हा हे तीन आवाज त्यांना पहिल्याच दिवशी ऐकवून ठेवा, आणि ९११ हा नंबर फ्रिजवर मराठीत लिहून चिकटवा.

घराला खरोखर आग लागते तेव्हा वेळ फार थोडा असतो. यूएल या सुरक्षा-चाचणी संस्थेच्या प्रयोगात जुन्या लाकडी-सुती सामानाची खोली पूर्ण भडकायला जवळपास अर्धा तास लागला, तर आजच्या फोमच्या सोफ्यांची आणि प्लॅस्टिकची खोली चार मिनिटांच्या आत भडकली. झोपताना खोलीचं दार लावून घ्या म्हणतात ते यामुळे. साधं बंद दार धूर आणि उष्णता बराच वेळ अडवतं. अशा आगीत नवा माणूस आत जात नाही. तो हायड्रंट लावतो, होजचे पीळ सोडवतो, शिडी धरतो, रिकाम्या बाटल्या बदलतो. हे काम दुय्यम मानू नका. होजला पीळ पडला तर आतल्या दोघांचं पाणी तुटतं. दोघं आत असतील तर दोघं पूर्ण तयारीत बाहेर उभे पाहिजेत, हा नियमच आहे, आणि माणसं कमी पडली की पहिला ताण तिथेच येतो.

कॉल येतो तो काउंटीच्या ९११ केंद्रातून. पेजर वाजतो, हल्ली फोनवर ॲपही वाजतं, काही गावांत फायरहाऊसवरचा भोंगाही. पत्ता, कॉलचा प्रकार, कुठल्या गाड्या हे ऐकायचं आणि निघायचं. इथे सगळ्यांत मोठा धोका स्वतःच्या गाडीत असतो. पेनसिल्व्हेनियात स्वयंसेवकाला गाडीवर निळा दिवा लावता येतो, पण तो फक्त विनंती करतो. लाल सिग्नल, वेगमर्यादा, थांब्याची पाटी सगळं तुम्हाला लागू राहतं. फायरहाऊसला पोहोचायच्या आधीच कुणाला धडक दिली, तर आगीला जाणारी माणसं कमी झाली आणि अपघाताला जाणारी गाडी वाढली. घराबाहेर पडताना गाडीत एकदा मोठा श्वास घ्या, पट्टा लावा, मगच किल्ली फिरवा.

प्रशिक्षण फुकट किंवा नाममात्र असतं. राज्याचा पाया चार टप्प्यांचा आहे: ओळख, आगीच्या जागेवरची मदत, बाहेरून आग विझवणं, आणि शेवटी आत शिरणं. संध्याकाळी आणि शनिवार-रविवारी वर्ग असतात, त्यामुळे काही महिने घरच्यांची साथ लागते. हे बायकोशी किंवा नवऱ्याशी आधीच बोलून घ्या. चौदा वर्षांपासून मुलांना ज्युनियर सदस्य होता येतं, पण जळत्या घरात जाण्यासाठी अठरा पूर्ण लागतात. कॉलेजच्या अर्जासाठी म्हणून आलेली काही मुलं आमच्याकडे मनापासून रमली आहेत. आग विझवायची इच्छा नसेल तरी या. हिशेब, अनुदानाचे अर्ज, संगणक, नाश्त्याचे आणि चिकन बार्बेक्यूचे निधी कार्यक्रम यांना माणसं हवीच असतात, कारण नवं इंजिन घ्यायचं म्हटलं की खर्च सात-आठ लाख डॉलरच्या पुढे जातो.

एच-वन बी वर असलेल्यांनी एक गोष्ट आधी स्पष्ट करून घ्यावी. काही फायर कंपन्या प्रत्येक कॉलमागे थोडे पैसे किंवा निवृत्तीचा लाभ देतात. या व्हिसावर नोकरीच्या ज्या कंपनीने अर्ज केला तिच्याशिवाय कुणाकडून कामाचा मोबदला घेता येत नाही, म्हणून चीफला आणि आपल्या वकिलाला विचारून मगच सही करा.

जायचं कसं? आपल्या पत्त्यावर कुठली कंपनी येते ते टाउनशिपच्या कार्यालयात कळतं. सरावाच्या संध्याकाळी सरळ जाऊन भेटा. अर्ज, पोलिसांची पार्श्वभूमी तपासणी, वैद्यकीय तपासणी, मग उमेदवारीचा काळ असा क्रम असतो. पोशाख कोण देतं, तो किती जुना आहे आणि दिवसा किती जण येतात, हे तिथे विचारा. पोशाख तयार झाल्यापासून दहा वर्षांनी बाद करायचा असतो. आणि घरून काम करत असाल तर अर्जात ते ठळक लिहा. सकाळी नऊ ते संध्याकाळी पाच या वेळात बहुतेक सदस्य कामावर दूर असतात, आणि त्या वेळी दहा मिनिटांच्या अंतरावर असणाऱ्या माणसाची चीफ वाट बघत असतात.